पिलाचे पान

कुंभकोणम् हे गाव मराठी माणसाला सर्वस्वी परके वाटत नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले तंजावरास आले, १८५५ साली ते राज्य खालसा झाले. परंतु त्यांच्या आश्रयाने आलेली मराठी घराणी मात्र कावेरीच्या काठीच राहिली. केंद्र सरकारच्या नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे मी या गावी होतो. माझे घरमालक अशाच एका घराण्यातले. त्यांची मराठी तमिळ वळणाची, पण तिच्यात असे काही शब्द जपलेले होते की जे आपण पुण्यामुंबईकडे केव्हाच टाकून दिले आहेत. घर सोवळ्याचे, जेवण केळीच्या पानावर, आणि अंड्याचे नावसुद्धा स्वयंपाकघरात घ्यायचे नाही असा आजींचा दंडक.

अशा घरात बंगळूरला नोकरी करणाऱ्या नातवाने लॅब्रेडॉर जातीचे दोन महिन्यांचे पिलू आणले. कुत्रा हा मूळचा लांडगा, तेव्हा त्याला निसर्गाने नेमून दिलेले कच्चे मांसच घातले पाहिजे, असे त्याने कोठेतरी वाचले होते. आजींनी ओसरीवर वेगळा फ्रिज ठेवण्याची परवानगी दिली, ती केवळ नातवाच्या प्रेमापोटी. रोज बाजारातून कोंबडीचे हाडे काढलेले स्वच्छ मांस येई आणि पिलू ते मिटक्या मारीत खाई. चौथ्या महिन्यात ते लंगडू लागले. पुढचे पाय किंचित बाकदार दिसू लागले. उचलून घ्यायला गेले की ते कण्हत असे. डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढले, तेव्हा हाडे कागदासारखी पातळ झालेली दिसली. “आम्ही तर त्याला उत्तमातले उत्तम घातले हो!” असे आजोबा मला पुनःपुन्हा सांगत होते, आणि ते खरेच होते.

मग चुकले कोठे? मांसात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पुष्कळ असतो. कॅल्शियम मात्र नावापुरतेच. वाढत्या पिलाच्या आहारात कॅल्शियम स्फुरदापेक्षा थोडे अधिकच असावे लागते. निव्वळ मांसात ते स्फुरदाच्या विसाव्या हिश्श्याइतकेही कधी कधी नसते. एक हजार कॅलरी देणाऱ्या अन्नातून पिलाला सुमारे तीन ग्रॅम कॅल्शियम मिळावे, असे आहारशास्त्रज्ञ सांगतात. तेवढ्याच कॅलरी हाडे काढलेल्या कोंबडीतून घ्यायच्या तर जवळजवळ एक किलो मांस लागेल आणि त्यात कॅल्शियम सापडेल ते एक दशांश ग्रॅमच्या आसपास! रक्तातले कॅल्शियम कमी पडले की कंठातील बारीक ग्रंथी जाग्या होतात आणि हाडांच्या गंगाजळीतून ते काढून रक्तात भरतात. चालू खर्च भागतो, पण ठेव आटत जाते. सरकारी हिशेबात असा प्रकार फार दिवस चालत नाही. शरीरातही चालत नाही.

लांडग्याचा दाखला देणारे एक गोष्ट विसरतात. लांडगा सोललेले, हाडे काढलेले मांस खात नाही. तो हाडे चावतो, काळीज, मूत्रपिंडे, रक्त, सारेच खातो. ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ साली पुस्तक लिहून कच्च्या आहाराचा पुरस्कार केला, तेव्हा त्यांचाही भर मांसल हाडांवर होता. शिवाय कुत्रा हा आता लांडगा राहिलेला नाही. २०१३ साली स्वीडनच्या उप्साला येथील संशोधकांनी दाखवून दिले की, पिष्ट पचविणारा रस निर्माण करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उंबरठ्यावर हजारो वर्षे भात-भाकरीचे तुकडे खाऊन त्याने ही कमाई केली आहे. मुधोळच्या घोरपड्यांनी जोपासलेला तो सडपातळ शिकारी कुत्रा आपल्या माहितीचा आहे. त्याचे नेहमीचे खाणे ज्वारी-मक्याचे आणि दुधाचे. कावेरीकाठचा भात कुत्र्याला परका नाही.

याचा अर्थ दहीभातावर पिलू वाढेल, असा नव्हे. आजींचा तोच आग्रह होता. पण त्यात प्रथिने अपुरी पडतात आणि ‘ड’ जीवनसत्त्व तर जवळजवळ नसतेच. येथे एक मनोरंजक इतिहास आहे. १९१८-१९ च्या सुमारास लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांना घरात कोंडून दूध, पाव आणि ओटची लापशी यांवर वाढविले. त्यांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले की तो टळे. मनुष्यबालकांच्या मुडदुसाचे कोडे उलगडले ते या मुक्या पिलांमुळे. मुलांना कोवळ्या उन्हात खेळविले की त्यांची त्वचा हे जीवनसत्त्व तयार करते. कुत्र्याच्या त्वचेला मात्र ते पुरेसे साधत नाही. तेव्हा कुंभकोणम्‌च्या गच्चीवर वर्षभर रणरणते ऊन असले तरी पिलाला ते अन्नातूनच मिळाले पाहिजे: मासा, अंड्यातील पिवळा बलक, थोडेसे काळीज.

बरे, कॅल्शियम कमी पडले म्हणून गोळ्यांचा मारा करावा, तर तेही घातक. हॉलंडमधील उट्रेख्ट येथे हॅझेविंकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेट डेन जातीच्या पिलांवर १९८० नंतरच्या दशकात प्रयोग केले. अतिरिक्त कॅल्शियमनेही त्यांच्या हाडांची वाढ बिघडली. लहान पिलाच्या आतड्याला नको असलेले कॅल्शियम पुरतेपणी नाकारता येत नाही. म्हणून मात्रा पशुवैद्याने वजन पाहून ठरवावी, शेजाऱ्याने नव्हे.

कच्च्या मांसाबद्दल दुसरी काळजी आहे ती घरातल्या माणसांची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात प्राण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या कच्च्या आहाराचे १९६ नमुने तपासले; १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरियाचे धोकादायक जंतू निघाले. पिलू स्वतः धडधाकट दिसते, परंतु त्याच्या विष्ठेतून आणि चाटण्यातून ते जंतू घरभर पसरू शकतात. ज्या घरात ऐंशीच्या घरातली आजी आणि रांगते पणतू एकाच ओसरीवर बसतात, तेथे हा धोका कोणासाठी पत्करायचा? त्यातून आपल्याकडचा उकाडा आणि मधूनच जाणारी वीज. मांस शिजविल्याने पिलाचे काहीच बिघडत नाही, हे मी आग्रहाने सांगेन. हाडे मात्र शिजवून देऊ नयेत. ती फुटून त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात.

तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडू येथे आज पशुवैद्यक महाविद्यालय आहे. याच गावी सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुक्तांबेच्या नावाने छत्र उभारून वाटसरूंना अन्न घातले होते. ज्या गावी एकेकाळी माणसांची पाने वाढली गेली, तेथे आज जनावरांच्या आहाराचा अभ्यास होतो, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

आमच्या पिलाला डॉक्टरांनी काही आठवडे उड्या मारण्यास मज्जाव केला आणि खाणे बदलले: शिजवलेला मऊ भात, शिजवलेली कोंबडी किंवा अंडे, आठवड्यातून थोडे काळीज, आणि मोजून दिलेली कॅल्शियमची पूड. ज्यांना एवढा व्याप झेपत नाही त्यांनी वाढत्या पिलांसाठी तयार केलेले परिपूर्ण कोरडे खाद्य द्यावे. त्यात कमीपणा नाही. कांदा, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषासमान. सांबारातला छोटा कांदाही त्यात आला, हे दक्षिणेत विशेष लक्षात ठेवावे.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, आणि पुढे दोनदा खायला घालावे. पण पोटाला तडस लागेपर्यंत नव्हे. ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात, बालपणापासून जोडीदाराच्या पाऊणपटच खाणारे कुत्रे सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले. पिलाच्या फासळ्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत. आठवड्याला एकदा वजन करावे. पिलू काट्यावर स्थिर राहत नसेल, तर त्याला उचलून आपणच काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन त्यातून वजा करावे.