तीन वर्षांचे रविवार

सदुसष्ट वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करावा आणि त्यातून एक वजा करावा. उरते ती संख्या एकवीस अंकी: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. ही मूळ संख्या, म्हणजे हिचे अवयव पडत नाहीत, असे फ्रान्समधील मेर्सेन या पाद्रीबुवांनी १६४४ साली लिहून ठेवले. १८७६ मध्ये ल्यूका यांनी ते चूक ठरवले. पण अवयव कोणते, हे त्यांनाही सांगता आले नाही. आम्हां युनियनवाल्यांना ही अवस्था नवी नाही. ताळेबंदात खोट आहे हे कळते, ओळ सापडत नाही!

१९०३ साली अमेरिकन गणिती कोल यांनी भरसभेत फळ्यावर ही संख्या मांडली आणि शेजारी १९३७०७७२१ ला ७६१८३८२५७२८७ ने गुणले. उत्तर तेच. एक शब्दही न बोलता ते खाली बसले, असे सांगतात. हे अवयव शोधायला त्यांना म्हणे तीन वर्षांचे रविवार लागले.

रविवार म्हटला की आम्हांला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. मुंबईच्या गिरणीकामगारांना १८९० साली आठवड्याची सुटी मिळाली, ती त्यांच्या खटपटीने. आम्ही अपूर्णांक शिकलो तेही रविवारीच. कोल यांचा गुणाकार आम्ही पाठकोऱ्या कागदावर करून पाहिला. दोनदा हातचा चुकला, तिसऱ्यांदा जुळला. एक सकाळ पुरली.