दगडावरचं नाव
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



गेल्या हिवाळ्यात आपल्या विहारातर्फे जी दिल्लीची सहल निघाली तिच्याविषयी चार शब्द बोलावेत, असा आदेश समितीने दिला. वास्तविक आम्ही काही वक्ते नव्हेत. आमच्यातले कुणी बाजार समितीत हमाली केलेले, कुणी बेलापूर पट्टीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कुणी शाळाशिक्षक. तेव्हा जे पाहिलं आणि जे मनात आलं, तेवढंच सांगतो.

आम्ही तीसएक जण पनवेलहून रेल्वेने निजामुद्दीनला उतरलो. जाण्याचा मुख्य हेतू २६, अलीपूर रोड. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ज्या ठिकाणी झाले, तिथे आता राष्ट्रीय स्मारक आहे. १३ एप्रिल २०१८ रोजी ते खुले झाले. इमारतीचा आकारच उघडलेल्या संविधानाच्या पुस्तकासारखा आहे. तिथे आम्ही वंदना घेतली, प्रत्येकाचा कंठ दाटून आला. पण त्याविषयी आपल्या मंडळींनी यापूर्वी पुष्कळ सांगितलेलं आहे. आज आम्हाला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशीचं.

दुसऱ्या दिवशी संसद बघायची असं ठरलं होतं. पण आमच्या वस्तीत सगळे ज्यांना आबा म्हणतात, ते पंचाहत्तरी ओलांडलेले उपासक सकाळीच म्हणाले, "मला त्या जवानांच्या बागेत न्या. संसद तुम्ही बघा." आबा सबंध प्रवासात एक प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून होते. आम्हाला वाटलं, औषधं असतील. त्या पिशवीत एक जुना, घडीवर फाटलेला कागद होता. १९६५ सालच्या लढाईत त्यांचा थोरला भाऊ, महार रेजिमेंटचा शिपाई, जम्मूच्या सरहद्दीवर कामी आला, त्याची घरी आलेली खबर. मग संसद राहिली बाजूला. आम्ही सगळेच आबांबरोबर निघालो.

बंधू-भगिनींनो, इंडिया गेट आपण सगळ्यांनी चित्रात पाहिलेलं आहे. १९३१ साली पुरं झालेलं ते स्मारक पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतर वायव्य सरहद्दीवर व अफगाण युद्धात इंग्रजांच्या बाजूने लढून पडलेल्या हिंदी सैनिकांचं. त्याच्या भिंतींवर तेरा हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. परंतु स्वातंत्र्यानंतर स्वतःच्या देशासाठी जे पडले, त्यांच्या नावांची अशी राष्ट्रीय जागा पुष्कळ वर्षं नव्हती. इंडिया गेटखाली २६ जानेवारी १९७२ रोजी अमर जवान ज्योत लागली, पण नावं नव्हती. इंडिया गेटच्या पलीकडेच सुमारे ४० एकरांवर राष्ट्रीय समर स्मारक उभं राहिलं, ते २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालं. २१ जानेवारी २०२२ रोजी इंडिया गेटखालची ज्योत तिथल्या ज्योतीत विलीन करण्यात आली.

ही इमारत नव्हे, बाग आहे. जमिनीवर एकात एक अशी चार वर्तुळं, म्हणजे चार चक्रं. अगदी मधलं अमरचक्र. तिथे साडेपंधरा मीटर उंचीचा स्तंभ आणि त्याच्या पायाशी अखंड ज्योत. त्याच्या बाहेर वीरताचक्र, त्यात लढायांची सहा कांस्यशिल्पं. त्याच्या बाहेर त्यागचक्र, म्हणजे नावांच्या भिंती. आणि सगळ्यांत बाहेर रक्षकचक्र, म्हणजे शेकडो झाडं. ही झाडं सरहद्दीवर पहारा देणाऱ्या जवानांप्रमाणे उभी आहेत, अशी त्यामागची कल्पना. स्मारक खुलं झालं तेव्हा त्यागचक्रात २५,९४२ नावं होती. प्रत्येक नावाला ग्रॅनाइटचा स्वतंत्र दगड. शिपायाला जेवढा, साधारण तेवढाच मोठ्या अधिकाऱ्याला. आमच्या एका भगिनीच्या हे पहिल्यांदा लक्षात आलं. ती म्हणाली, "इथं कुणाचा दगड उंच न्हाई, कुणाचा खाली न्हाई." एवढं एक वाक्य ऐकण्यासाठी दिल्लीला जाणं सार्थकी लागलं, असं आम्हाला वाटलं.

आता आबांचं काय झालं ते सांगतो. पंचवीस हजारांवर नावं, त्यात एक नाव शोधायचं. शोधण्यासाठी तिथे पडद्याची यंत्रं ठेवलेली आहेत. आमच्या शिक्षक मित्राने नाव घातलं, तर त्याच नावाचे बरेच जण निघाले. आबा गोंधळले. त्यांना भाऊ ठाऊक होता तो 'दादा' म्हणून, कागदोपत्रीचं नाव म्हणून नव्हे. शेवटी तिथल्या एका जवानाने तो फाटका कागद हातात घेतला. पलटण, साल सगळं ताडून पाहिलं आणि आम्हाला भिंतीशी घेऊन गेला. उत्तरेकडचा तरणा पोरगा, आमची भाषाही त्याला येत नव्हती. दगडापाशी पोचल्यावर तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने आबांना कडक सॅल्यूट ठोकला.

आबांनी हात लावला नाही. आधी रुमालाने स्वतःचा हात पुसला, मग बोटाने एकेक अक्षर चाचपलं. आम्हाला वाटलं, म्हातारा आता रडणार. पण ते रडले नाहीत. त्या जवानाकडे वळून मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी एकच विचारलं, "हे पुसत तर नाही ना?" तो म्हणाला, "नाही बाबा, हे पुसत नाही."

हा प्रश्न आबांनी का विचारला, ते नंतर झाडाखाली बसल्यावर कळलं. १९६५ च्या त्या दिवसांत रणांगणावर पडलेल्या जवानाचा देह बहुधा घरी येत नसे. आबांच्या आईने पोराचं तोंड पाहिलं नाही. पुढे गावच्या शाळेत गावातल्या जवानांच्या नावांचा एक फलक लागला, रंगाने लिहिलेला. त्यात दादाचं नाव तळाला होतं. दोन पावसाळ्यांनी भिंत ओलावली, खालच्या ओळी उडाल्या. फलक पुन्हा रंगवला तेव्हा वरची नावं पुन्हा लिहिली गेली, तळाची राहून गेली. आबांचे वडील दोनदा सांगायला गेले. "बघू, बघू" झालं. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "माझ्या लेकराचं नाव पुसलं." कुणी मुद्दाम केलं की विसरून झालं, हे आबांनीही सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

या ठिकाणी आम्हाला कोरेगावची आठवण होणं साहजिक होतं. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर भीमेच्या काठी जो स्तंभ उभारला गेला, त्याचा पाया २६ मार्च १८२१ रोजी घातला गेला. त्यावर पडलेल्या ४९ जणांची नावं आहेत आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ज्या काळी गावाच्या वेशीत आपल्या पूर्वजांच्या सावलीचा विटाळ होत होता, त्या काळी त्यांची नावं दगडावर कोरली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे का गेले, हे या सभेत सांगायला नको. ते स्वतः सुभेदार रामजींचे चिरंजीव, लष्करी छावणीत महूला जन्मलेले.

पण मित्रहो, याच इतिहासाची दुसरी बाजूही आपण ध्यानात ठेवली पाहिजे. स्तंभ उभा होता, नावं कोरलेली होती, आणि तरीही १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांतच आपल्या लोकांची सैन्यातली भरती बंद केली गेली. गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त हवालदाराला त्यासाठी अर्ज लिहावे लागले. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभारली आणि गरज सरल्यावर मोडली. अखेर १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. कोरेगावचा स्तंभ तिच्या बोधचिन्हावर होता. आज त्या रेजिमेंटमध्ये भारताच्या सर्व भागांतले जवान आहेत. समर स्मारकाच्या आवारात परमवीरचक्राच्या २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत. त्यात मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन आहेत, महार रेजिमेंटचे, २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत कामी आलेले. कारवारकडचे रामा राघोबा राणे आहेत, मुंबईचेच अर्देशीर तारापोर आहेत. तात्पर्य, दगडावर नाव आलं म्हणजे दार उघडलं असं होत नाही. दार उघडं ठेवायला माणसं लागतात.

परतीच्या गाडीत आमच्यात वाद झाला, तोही प्रामाणिकपणे सांगतो. आमच्यातला एक कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, "आपण रोज पहिलं शील घेतो, प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचं. आणि तोफाबंदुकांच्या स्मारकापुढे हात जोडतो. हे कसं काय?" प्रश्न रास्त होता. त्याला गप्प बसवणं हा धम्म नव्हे. रात्री बारापर्यंत त्या डब्यात चर्चा चालली.

आम्हाला जे उमगलं ते असं. वैशालीचा सिंह सेनापती तथागतांकडे आला, त्याची कथा विनयपिटकाच्या महावग्गात आहे. तथागतांनी त्याला उपासक म्हणून स्वीकारलं, आणि 'सेनापतिपद सोडून ये' अशी अट घातल्याचं त्या कथेत कुठे नाही. पण दुसरीकडे एका योद्ध्याने तथागतांना विचारलं की, लढता लढता मरणारा स्वर्गाला जातो, असं आमचे जुने आचार्य सांगतात, हे खरं काय? तथागतांनी दोनदा उत्तर टाळलं. तिसऱ्यांदा सांगितलं, ही समजूत खोटी आहे. मारण्याच्या इच्छेने भरलेल्या चित्ताला सद्गती नाही. तो योद्धा रडला. म्हणजे सैनिकाला धम्माचं दार बंद नाही, आणि युद्धाला धम्माचा आशीर्वादही नाही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

सम्राट अशोकाचंच पहा. आपल्या जवळ सोपाऱ्याला त्याच्या शिलालेखाचे तुकडे सापडले. त्याचा तेरावा शिलालेख कलिंगयुद्धाचा. एक लाख मारले गेले, दीड लाख बंदी करून नेले, असं खुद्द राजाच पश्चात्तापाने सांगतो. राजाने आपला दोष दगडावर कोरावा, ही जगातली थोर गोष्ट आहे. पण त्या लेखात आकडा आहे, नाव एकाचंही नाही. त्या मुलाला आम्ही एवढंच म्हणालो, "बाळा, लाख म्हटलं की मन सुन्न होतं, पण डोळ्यांत पाणी येत नाही. आज आबांच्या बोटाखाली एक नाव होतं, तेव्हा तुझ्याही डोळ्यांत आलं. पंचवीस हजार नावं जो एकेक करून वाचील, तो युद्धाची हौस करणार नाही." मुलगा काही बोलला नाही. पण सकाळी भुसावळला चहा घेऊन तो आधी आबांकडे गेला, हे आम्ही पाहिलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या स्मारकात रोज सूर्यास्ताच्या सुमारास एखाद्या शहिदाच्या घरच्या माणसाच्या हस्ते पुष्पचक्र वाहिलं जातं. त्या संध्याकाळी एक बाई आली होती, वय फार तर तीस. आबा तिच्याकडे एकटक पाहत होते. म्हणाले, "माझ्या आईला एवढं जरी मिळालं असतं." मग थोडं थांबून म्हणाले, "हिचं तरी वेळेवर झालं."

बंधू-भगिनींनो, 'वेळेवर' हा शब्द आम्ही तिथून घेऊन आलो आहोत. आपल्या वस्त्यांत कितीतरी घरं अशी आहेत की ज्यांचा आजा, चुलता, मामा फौजेत होता. साताऱ्याचे, रत्नागिरीचे, नगरचे. गाव सोडून आपण इथे सिडकोच्या घरांत आलो, आणि ती माणसं गावच्या पत्र्याच्या पेटीत राहिली. तेव्हा आमची एक नम्र सूचना आहे. विहारात एक वही ठेवावी. ज्याच्या घरात कुणी सैन्यात होतं, त्याने नाव, पलटण, क्रमांक, साल लिहावं. पडलेल्यांचं लिहावं, परतलेल्यांचंही लिहावं. जुनी कागदपत्रं असतील त्यांच्या झेरॉक्स काढून लावाव्यात. कुणा विधवेचं निवृत्तिवेतनाचं काम अडलं असेल, तर आपले शिकलेले तरुण तिच्याबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातील. आणि दरवर्षी वर्धापनदिनी ही नावं या व्यासपीठावरून मोठ्याने वाचावीत.

आबा आज प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. परंतु वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी काल स्वतःच्या हाताने नाव लिहून दिलं आहे. अक्षर थोडं हललेलं आहे. पण शाई पक्की आहे, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.



जय भीम! जय भारत!