दारीं निजलेला पाहुणा

(जुबिली-समारंभांत केलेलें भाषण)



जुबिलीच्या दिवशीं गतगोष्टींचें स्मरण करून परमेश्वराचे उपकार मानावे हा आपला प्रघात आहे, व तें काम आमच्याहून अधिकारी वक्त्यांनीं आतांच यथासांग केलें. परंतु जुबिली या शब्दाचें मूळ लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत आहे. पन्नासाव्या वर्षीं प्रत्येकानें आपल्या वतनांत, आपल्या कुळांत परत जावें, अशी तेथें आज्ञा आहे. ज्यास परत जावयास घरच नाहीं त्याची जुबिली कोणती, हा प्रश्न आम्हांस कांहीं दिवस सुटलेला नाहीं. म्हणून आम्ही थंडीविषयीं बोलणार आहोंत.

कोणास हंसूं येईल. चंद्रपूर म्हटलें कीं उन्हाळाच मनांत येतो. येथला पारा ४७-४८ अंशांपर्यंत चढतो हें सर्वश्रुत आहे. त्यामुळें पौषांतली येथली रात्र कोणी जमेस धरीत नाहीं. आकाश निरभ्र असलें व रानावरून वारा सुटला म्हणजे तोच पारा १० अंशांखालीं उतरतो, आणि दार लावून निजणाऱ्यास त्याची वार्ताही नसते.

उघड्यावर निजणारे हे लोक कोण? बल्लारशाहच्या फलाटावर पाहावें; एखाद्या मोठ्या इस्पितळाच्या आवारांत पाहावें. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा इकडून दुखणाइतास घेऊन आलेले आप्त तेथें भिंतीच्या आडोशाला अंग मुडपून पडलेले आढळतात. धानाची कापणी आटोपल्यावर मिरची तोडावयास तेलंगणांत जाणारीं कुटुंबें आहेत. तींही लहान मुलांसह वाटेंत रात्र काढतात. स्वतःच्या गांवीं हे लोक निराधार नव्हेत. रानांतला मनुष्य कितीही दरिद्री असो, तो लांकडाला मोताद नसतो. शेकोटी धगधगत ठेवून तिच्या कडेला तो निजतो. विस्तव हेंच त्याचें पांघरूण. शहरांत आला कीं तें पांघरूणही जातें. येथें लांकूड विकत घ्यावें लागतें, आणि शेकोटी पेटविली तर कोणीतरी उठवावयास येतो.

२०११ च्या जनगणनेंत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्रीं झाली. देशांत सुमारें १७ लक्ष ७० हजार माणसें भरलीं. फेब्रुवारीअखेर आपल्याकडे थंडी सरलेली असते. हीच मोजणी पौषांत झाली असती तर मोजणाऱ्यांच्या अंगावरूनही कांहीं घोंगड्या उतरल्या असत्या, असें आम्हांस उगीच वाटून जातें.

आतां याच जिल्ह्यांतील वरोऱ्याची गोष्ट. ती आपणांस ठाऊक आहे, पण तिचा पूर्वार्ध आपण विसरतों. भर पावसांत एक महारोगी मरणोन्मुख पडला होता. तुळशीराम त्याचें नांव. बाबा आमटे यांची दृष्टि त्याच्यावर पडली, आणि ते पळाले. होय, पळाले, हें त्यांनीं पुढें स्वतःच सांगितलें. घरीं गेल्यावर त्यांस चैन पडेना. ते परत फिरले, त्याच्यावर आडोसा केला, त्यास भरविलें, आणि त्याचा अंत होईपर्यंत त्याची शुश्रूषा केली. १९४९ सालीं स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीचें व आनंदवनाचें मूळ या परत फिरण्यांत आहे. बाबा ख्रिस्ती मंडळींतले नव्हते. यरीहोच्या वाटेवर जखमी मनुष्यास पाहून बाजूनें निघून गेलेले दोघे मात्र याजक व लेवी होते, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

संत मार्टिन यांचाही त्या वेळीं बाप्तिस्मा झालेला नव्हता. चवथ्या शतकांत गॉल देशांतील आमियाँ शहराच्या वेशीपाशीं, कडाक्याच्या थंडींत, त्यांनीं तरवारीनें आपला झगा दुभंगून अर्धा भिकाऱ्यास दिला. पाहणारे हंसले. रात्रीं स्वप्नांत तोच अर्धा झगा ख्रिस्तानें पांघरलेला त्यांस दिसला.

आमच्या हातून तेवढेंही झालें नाहीं. मागें एका नाताळांत मध्यरात्रीच्या मिस्सेपूर्वीं मंदिराच्या पडवींत एक म्हातारा निजला होता. गोठ्याचा देखावा तेथेंच उभारावयाचा होता. आम्हीं त्यास मृदु शब्दांनीं उठविलें, आणि त्याच्या जागीं बाळ येशूसाठीं तणस अंथरलें. मिस्सेनंतर त्यास शोधावयास गेलों. तो मिळाला नाहीं. न्यायाच्या दिवशीं प्रभु ज्या गोष्टी विचारील म्हणून मत्तयाच्या २५ व्या अध्यायांत सांगितलें आहे, त्यांत परक्यास घरांत घेणें आहे, उघड्यास वस्त्र देणें आहे. देखाव्याची सजावट नाहीं.

आमची विनंती एवढीच कीं, सभागृहाची पडवी मार्गशीर्षापासून माघअखेरपर्यंत रात्रीं उघडी ठेवावी. चोरी होईल, कोणी पिऊन येईल, असें म्हणणारे आपणांत आहेत. येईलही. त्यासाठीं रोज दोघांनीं जागावें लागेल, व पहांटे चुलीवर पाणी ठेवावें लागेल. घोंगड्या जुन्या चालतील, फाटक्या नकोत. किल्ली देण्याचें फादरसाहेबांनीं कबूल केलें आहे. पहिल्या रात्रीची पाळी आम्हीं घेतली आहे. पुढील नांवें कचेरींतील वहींत लिहावीं.