न झालेल्या जखमेवरील शस्त्रक्रिया

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलावे अशी कार्यवाहांनी आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. आम्ही वैद्य नव्हे, समाजशास्त्रज्ञही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर मुलांना शुद्धलेखन व भूगोल शिकविलेले निवृत्त शिक्षक आहोत. अशा माणसाने सौंदर्यासाठी होणाऱ्या शस्त्रक्रियांवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. म्हणून आधी कारण सांगतो.

गतवर्षीच्या वधूवर मेळाव्यात नावनोंदणीचे मेज आमच्याकडे होते. एक गृहस्थ आपल्या कन्येला घेऊन आले. मुलगी एम. कॉम. झालेली, स्वतःच्या पायावर उभी. अर्ज भरताना ‘वर्ण’ हा रकाना आला तेव्हा ते हळूच म्हणाले, “गुरुजी, निमगोरी लिहा.” आम्ही लेखणी टेकविली, तोच मुलगी म्हणाली, “गुरुजी, पाहावयास येणाऱ्यांना डोळे नसतात का?” आम्ही निरुत्तर झालो. पुढे बोलता बोलता तिच्याकडून कळले की, दोन ठिकाणी नकार आल्यावर तिच्या मातोश्रींनी शहरात जाऊन नाक सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी केली होती. चेहरा कसा हवा याचा नमुना म्हणून सोबत नेले होते एका कोरियन नटीचे छायाचित्र. आपल्या मुली आवडीने ज्या मालिका पाहतात त्यांतलीच ती नटी.

कोठे कोरिया आणि कोठे आपला तालुका! तो नमुना आला कोठून, याचा शोध घेताना वर्षभर जे वाचले ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. चेहऱ्यावर शस्त्र चालविणे हे पाप आहे असे आमचे म्हणणे नाही. ही विद्या आपल्याच देशाची. तुटलेले नाक नवे कसे घडवावे याचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. आणि या विद्येच्या इतिहासातील एक थोर प्रसंग तर आपल्या पुण्याजवळ घडला. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी 1792 च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला, तेव्हा त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या, विटा घडविणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसविले. इंग्रज वैद्यांनी ती क्रिया डोळ्यांनी पाहिली, आणि तिचा वृत्तांत 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने 1814 मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया यशस्वी केली. ज्या कारागिराच्या हातांनी युरोपला धडा दिला त्याचे नावही त्या वृत्तांताने नोंदविले नाही!

ती परंपरा आजही जिवंत आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशिर अंटिया यांनी कुष्ठरोग्यांच्या विद्रूप झालेल्या चेहऱ्यांना पुन्हा रूप दिले. भाजलेले, अपघातात सापडलेले, दुभंगलेल्या ओठांनी जन्मलेले, अशा असंख्यांना या विद्येने माणसांत आणून बसविले आहे. तिला आमचा दंडवत असो.

परंतु कावसजीला जखम झाली होती. आमचा प्रश्न आहे तो जखमच झाली नसताना चालणाऱ्या शस्त्राचा.

आता कोरियाकडे वळू. पूर्व आशियातील पुष्कळ लोकांच्या वरच्या पापणीला घडी नसते. पुष्कळांना ती जन्मतःच असते. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसते. टाके घालून किंवा छेद देऊन नसलेली घडी पाडणे, ही त्या देशांत आज सर्वांत परिचित असलेली सौंदर्यशस्त्रक्रिया होय. तिचा पहिला छापील वृत्तांत जपानच्या मिकामो या वैद्याने 1896 मध्ये दिला. त्यापूर्वीच्या जपानात काय घडले होते हे पाहिले म्हणजे काळाचा ओघ लक्षात येतो. 1853 मध्ये अमेरिकेच्या युद्धनौका जपानच्या किनाऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. तोपर्यंत तेथील विवाहित व कुलीन स्त्रिया दात काळे करीत, आणि तेच सौंदर्य मानले जाई. 1873 मध्ये खुद्द सम्राज्ञीने दात काळे करणे सोडले आणि पाहता पाहता ती चाल मागे पडली. यात हसण्यासारखे काही नाही. आपल्याकडेही सुवासिनी दातवण लावून दात काळे करीत. ज्याला एक पिढी शोभा म्हणते त्याची दुसरी पिढी लाज धरते; आणि लाज कशाची धरावी हे पुष्कळदा ज्याच्या हाती तोफ व तिजोरी असेल तो ठरवितो.

कोरियातही असेच झाले. आईबापांनी दिलेले शरीर, केस व त्वचा यांना इजा होऊ न देणे हा पितृभक्तीचा आरंभ होय, असे कन्फ्यूशियसच्या शिकवणीत वाढलेला तो समाज मानी. 1895 मध्ये सरकारने पुरुषांच्या शेंड्या कापण्याचा हुकूम काढला तेव्हा केसांपेक्षा शीर गेलेले बरे असे म्हणणारे पंडित तेथे निघाले आणि लोकांनी शस्त्रे उचलली.

त्याच देशात 1950 ते 1953 या काळात भीषण युद्ध झाले. देश बेचिराख झाला, आणि अमेरिकन सैन्याच्या छावण्यांभोवती पोटाचे उद्योग उभे राहिले. 1954 मध्ये अमेरिकन सैन्यासमवेत डेव्हिड राल्फ मिलार्ड हा तरुण शल्यवैद्य तेथे गेला. त्याने आपल्या लेखात एका कोरियन दुभाष्याची हकिकत दिली आहे. हा दुभाषा इंग्रजी उत्तम बोले. तरी त्याची तक्रार अशी की, आपल्या बारीक डोळ्यांमुळे अमेरिकनांना आपल्या मनातील ठाव लागत नाही आणि म्हणून ते आपल्यावर विश्वास ठेवीत नाहीत. मिलार्डने त्याचे डोळे ‘गोल’ करून दिले. बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. दोष त्या दुभाष्याच्या डोळ्यांत होता, की त्या डोळ्यांकडे पाहणाऱ्यांच्या? रोग पाहणाऱ्याला आणि शस्त्रक्रिया मात्र दिसणाऱ्यावर, असा हा उफराटा न्याय झाला.

आणि नवल असे की, याच मिलार्डने कोरियातील दुभंगलेल्या ओठांची मुले पाहून तो ओठ सांधण्याची एक नवी रीत शोधली, 1955 मध्ये ती जगापुढे मांडली, आणि ती पुढे देशोदेशी रूढ झाली. हात एकच, शस्त्र एकच, देशही एकच. एका शस्त्रक्रियेने मुलाच्या मुखाचे व्यंग दूर केले. दुसरीने धडधाकट डोळ्याला व्यंग ठरविले. भेद कौशल्यात नव्हता, प्रयोजनात होता.

तथापि सारे खापर पश्चिमेच्या माथी फोडणे हाही अन्याय होईल. गोऱ्या कांतीचे कौतुक कोरिया, चीन, जपान येथे युरोपियन येण्यापूर्वीपासून आहे. उन्हात राबणारा काळवंडतो आणि सावलीत बसणारा उजळ राहतो, हे त्यामागचे जुने कारण. आज तेथील तरुणी निमुळत्या हनुवटीसाठी जबड्याची हाडे कापून घेतात, ती काही युरोपियनांची नक्कल नव्हे. पश्चिमेने एक माप आणून दिले खरे. पण ते माप हाती घेऊन आपल्याच लेकरांना मोजीत बसणारे तेथील आप्त, मालक आणि व्यापारी होते. सेऊल शहराच्या गंगनम भागात अशा चिकित्सालयांची रांगच्या रांग उभी आहे. नोकरीच्या अर्जावर छायाचित्र लावण्याचा तेथे प्रघात होता. मग पदवीबरोबर चेहराही तयार करून घेणे ओघानेच आले.

याची किंमत काय पडली, त्याचे एकच उदाहरण सांगतो. 2016 मध्ये सेऊलमधील एका चिकित्सालयात एक तरुण विद्यार्थी जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला. अतिरक्तस्राव होऊन तो बेशुद्ध झाला आणि काही आठवड्यांनी गेला. त्याच्या आईने शस्त्रक्रियागृहातील चित्रमुद्रण मिळविले आणि ते पुनःपुन्हा पाहिले. ज्याच्या भरवशावर मुलाने भूल घेतली तो शल्यवैद्य मध्येच दुसऱ्या खोलीत निघून गेल्याचे आणि मुलाचे रक्त वाहत असल्याचे तिला त्यात दिसले. पोटच्या गोळ्याचा अंत असा पुनःपुन्हा पाहणाऱ्या त्या मातेच्या अंतःकरणाची कल्पना आपण करावी. ती रडत घरी बसली नाही. फलक घेऊन एकटी रस्त्यावर उभी राहिली. अखेर 2021 मध्ये तेथील संसदेने कायदा केला, आणि सप्टेंबर 2023 पासून, रुग्णाने मागणी केल्यास, भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचे चित्रमुद्रण करणे रुग्णालयांस बंधनकारक झाले.

तो समाज इतरही बाजूंनी जागा होऊ लागला आहे. 2017 मध्ये तेथील सरकारी संस्थांनी नोकरीच्या अर्जावरील छायाचित्र काढून टाकले. 2018 मध्ये अनेक तरुणींनी आपली प्रसाधने मोडून टाकून, केस आखूड कापून, सुंदर दिसण्याची सक्ती झुगारली. 2019 मध्ये उमेदवाराची उंची, वजन व रूप यांविषयी अनावश्यक माहिती मागण्यास कायद्याने मनाई झाली. यांतील मर्म ध्यानात घ्या. कायद्याने तरुणींना ‘शस्त्रक्रिया करू नका’ असा उपदेश केला नाही. त्याने अर्जातील रकाना काढला.

आता आपल्या अर्जातील रकान्याकडे येतो.

आपल्या देशात ‘फेअर अँड लव्हली’ नावाचे मलम 1975 मध्ये बाजारात आले आणि काळी मुलगी गोरी झाली म्हणजे तिचे भाग्य उजळते, असे जाहिरातींनी आपल्या घरांत दशकानुदशके सांगितले. 2020 मध्ये कंपनीने त्यातील ‘फेअर’ हा शब्द वगळून नाव पालटले. त्याच वर्षी ‘शादी डॉट कॉम’ या विवाहसंस्थेने वर्णावरून स्थळे निवडण्याची सोय लोकांच्या तक्रारीनंतर काढून टाकली. ज्यांचा धंदा नफ्यावर चालतो त्यांना जे सुचले, ते समाजहितासाठी निघालेल्या आपल्या मंडळास अद्याप सुचलेले नाही. आपल्या अर्जात ‘वर्ण’ हा रकाना आजही आहे. आषाढीस आपण सावळ्या विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवतो, आणि कार्तिकी उलटून तुळशीचे लग्न लागले की ‘मुलगी गोरी असावी’ म्हणून स्थळे पाहावयास निघतो!

हा दोष आम्ही दुसऱ्यांवर लादीत नाही. त्या मेजावर आम्ही सात वर्षे बसलो. कित्येक सावळ्या मुलींपुढे बापाच्या आग्रहास्तव ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’ असे लिहिले आणि त्यांवर उपकार केला असे मानले. वस्तुतः प्रत्येक वेळी आम्ही त्या मुलीला तिच्या देखत सांगत होतो की, बाई, तू आहेस तशी सांगण्याजोगी नाहीस. स्वतःच्या पुतण्याचे लग्न ठरविताना ‘मुलगी उजळ आहे ना?’ असे पत्रात आम्हीच विचारले होते. मुलांच्या वह्यांतील चुका जन्मभर तांबड्या शाईने दाखविल्या. ही चूक दाखविण्यास मात्र एका मुलीला पुढे यावे लागले.

ज्यांना खरोखर व्यंग आहे त्यांनी निःसंकोच शल्यवैद्याकडे जावे. सज्ञान मुलामुलीने पूर्ण विचारांती स्वतःच्या रूपात काही पालट करावयाचा ठरविला, तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकारही आम्हांस नाही. मात्र त्यांनी शल्यवैद्याची पदवी व अनुभव पाहावा, शस्त्र कोण धरणार हे विचारून घ्यावे, आणि भूल, रक्तस्राव व मज्जातंतूंना पोचणारी इजा यांचा धोका समजून घ्यावा. गोरेपणाच्या काही बेकायदा मलमांत पारा असतो व तो मूत्रपिंडे बिघडवितो, हेही माताभगिनींनी लक्षात ठेवावे. पण नकारांच्या भीतीने, लग्नाच्या बाजारात भाव यावा म्हणून, निरोगी लेकीला शस्त्राखाली झोपविणे हा उपचार नव्हे. तेथे जखम आपण आपल्या शब्दांनी आधीच केलेली असते. शल्यवैद्य फक्त तिला आकार देतो.

म्हणून अध्यक्षमहाराज, आमची एक सूचना आहे. येत्या मेळाव्याच्या अर्जातून ‘वर्ण’ हा रकाना कायमचा काढावा आणि त्या जागी वधूवरांनी स्वहस्ते आपल्याविषयी दोन ओळी लिहाव्यात. खर्च काहीच नाही. उलट थोडी शाई वाचेल. आपले काही सभासद म्हणतील की, रकाना काढल्याने डोळे का बदलणार? डोळे एका दिवसात बदलणार नाहीत हे आम्हांसही कळते. परंतु समाजाच्या छापील अर्जाने मुलीला काय विचारावे, हे तर आजच्या सभेत ठरविता येते.

त्या मुलीचा अर्ज आम्ही जपून ठेवला आहे. वडिलांच्या समक्ष तिने आमच्या हातातील लेखणी घेतली आणि त्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत ‘सावळी’ असे लिहिले. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तो अर्ज जसाच्या तसा सूचीत छापला. त्या मातोश्रींची शहरातील पुढची भेट अद्याप ठरलेली नाही असे परवाच कळले. ती ठरू नये, यासाठी आपली सभा काही करू शकत असेल तर ते आजच करावे, एवढीच विनंती.