पुस्तकं नसलेलं घर



आज तुम्हाला मिळतेय तशी पदवी ॲबिगेल फिलमोर या बाईंना कधीच मिळाली नाही. अमेरिकेचे तेरावे राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांच्या त्या पत्नी. पण त्याआधी त्या त्यांच्या शिक्षिका होत्या, आणि मी स्वतः शिकवणारी असल्यामुळे मला त्यांची तीच ओळख जवळची वाटते.

१७९८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या स्टिलवॉटरला, एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील गेले तेव्हा त्या दोन वर्षांच्या होत्या. मागे पैसा फारसा नव्हता, वडिलांची पुस्तकं होती. त्यांच्याच जोरावर आईने लेकीला घडवलं. सोळाव्या वर्षी ॲबिगेल स्वतः शाळेत शिकवू लागल्या.

पुढे न्यू होपच्या शाळेत त्यांच्या वर्गात एक तरुण येऊन बसला, तोच मिलर्ड. त्यांच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान. कापडाच्या गिरणीत उमेदवारी करणारा, गरीब शेतकऱ्याचा मुलगा. लोकर पिंजायच्या यंत्रावर काम करता करता तो शब्दकोश चाळायचा. एवढा मोठा मुलगा लहान मुलांच्या शेजारी बसून धडे गिरवतो, यात त्याला लाज वाटली नाही आणि बाईंनीही ती वाटू दिली नाही. अशी काही वर्षं गेल्यावर, १८२६ साली त्यांचं लग्न झालं. नवरा वकिलीत जम बसवत होता तेव्हा मुलगा होईपर्यंत त्या शिकवतच राहिल्या. लग्नानंतरही नोकरी केलेल्या त्या पहिल्या राष्ट्राध्यक्ष-पत्नी मानल्या जातात. फ्रेंच आणि पियानो तर त्या संसारात पडल्यावर शिकल्या.

जुलै १८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर अचानक वारले आणि उपाध्यक्ष फिलमोर त्यांच्या जागी आले. ॲबिगेलबाई व्हाइट हाऊसमध्ये राहायला आल्या, तर त्या प्रचंड घराला स्वतःचा म्हणावा असा ग्रंथसंग्रहच नव्हता! येणारा आपली पुस्तकं आणायचा, जाताना घेऊन जायचा. मग अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ग्रंथालयासाठी २,००० डॉलर मंजूर केले. दुसऱ्या मजल्यावरच्या अंडाकृती खोलीत बाईंनी फडताळं लावून घेतली, कायदा, इतिहास, साहित्य अशी पुस्तकं मागवली. पायाच्या जुन्या दुखापतीमुळे त्यांना तासन्‌तास उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करणं जड जायचं. बरेचदा ते काम मुलगी मेरी सांभाळायची. बाईंचा जीव त्या खोलीत होता.

इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, ती लपवून मी त्यांची थोरवी सांगणार नाही. त्याच १८५० साली त्यांच्या पतीने पळून गेलेल्या गुलामांना पकडून मालकाच्या हवाली करण्याच्या कायद्यावर सही केली. दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत तेव्हा गुलामाला वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. शब्दकोश घेऊन स्वतःला घडवणारा मुलगा त्या सहीपाशी कसा पोचला? हा प्रश्न मला अजून सतावतो. चांगला वाचक होणं आणि न्यायी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला शिकवायला लागून बऱ्याच वर्षांनी उमगलं. तुम्ही ते आजच ऐकून ठेवा, एवढंच माझं मागणं आहे.

४ मार्च १८५३ रोजी नव्या अध्यक्षांच्या शपथविधीला ॲबिगेलबाई कडाक्याच्या थंडीत उघड्यावर होत्या. त्या आजारी पडल्या, न्यूमोनिया झाला, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला वॉशिंग्टनमधल्या एका हॉटेलात त्यांनी प्राण सोडला. व्हाइट हाऊस सोडून तेव्हा महिनाही झाला नव्हता. पुस्तकं सरकारी पैशातली होती, ती बरोबर न्यायची नव्हतीच. नवं कुटुंब राहायला आलं, तेव्हा पहिल्यांदाच त्या घरात ग्रंथालय त्यांच्या आधीपासून होतं.