भरभराट तिकडे, खर्च इकडे



नागरी केंद्रीकरण आणि शाश्वत विकास हा विषय मुंबई-पुण्यात अनेकदा चघळून झाला आहे. अर्थशास्त्र परिषदेच्या या अधिवेशनात तो चंद्रपुरात मांडण्याचे कारण एवढेच की शहरांच्या जमाखर्चातली खर्चाची बाजू इथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

आधी जमेची बाजू. धंदे एके ठिकाणी आले की कसबी कामगार, पूरक व्यवसाय आणि नव्या कल्पना हाताशी येतात, हे आल्फ्रेड मार्शलने १८९० मध्येच मांडले. मुंबईने ते खरे करून दाखवले. दाट वस्तीला माणशी जमीन कमी लागते आणि लोकलने थोड्या इंधनात लाखो लोक कामावर पोचतात. तेव्हा शहरांच्या नावाने बोटे मोडायला मी उभा नाही.

पण शहराची काटकसर आपण शहराच्या हद्दीतच मोजतो, तिथे हिशेब चुकतो. चंद्रपूर-पडघे वीजवाहिनी घ्या. ७५२ किलोमीटर लांबीची ही वाहिनी १५०० मेगावॉट वीज थेट कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत नेऊ शकते. वीज तिकडे, मुंबईच्या बाजूला जाते. खाणींचे खड्डे, औष्णिक केंद्राची राख आणि इरई धरणाच्या पाण्यावरचा भार इथे राहतो. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले औद्योगिक परिसर तपासले, तेव्हा ८३.८८ गुण मिळवून चंद्रपूर चौथे आले. या परीक्षेत गुण जितके जास्त, तितकी दशा वाईट. मुंबईच्या दरडोई उत्पन्नातून ही राख कोणी वजा करत नाही.

चंद्रपूरनेही फार शहाजोगपणा मिरवू नये. गोंडराजांच्या काळातला रामाळा तलाव याच शहराच्या सांडपाण्याने नासला. तो वाचावा म्हणून २०२१ मध्ये इको-प्रो या पर्यावरण संस्थेच्या बंडू धोतरे यांना उपोषणाला बसावे लागले. शहर लहान असो वा मोठे, घाण पुढे ढकलण्याची खोड सारखीच.

आता गडचिरोली. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला ७४ माणसे, आणि शहरांत राहणारे शंभरात अकरा. शहर नाही म्हणून विकास नाही, असे निदान यावर लगेच केले जाते. दारिद्र्य खरे आहे. धान निघाले की चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतली कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात, मुलांची शाळा बुडते. याला निसर्गाच्या सान्निध्यातले जीवन म्हणून गोंजारणे ही क्रूर थट्टा होईल.

तरीही ते निदान मला अपुरे वाटते. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, निवडत गेले. त्यातून एचएमटी तांदूळ आला. वाण दूरदूर पसरले, दादाजी मात्र गरीबच राहिले. कल्पना सुचायला महानगर लागले नाही. तिची मिळकत गावात धरून ठेवणारी संस्था मात्र नव्हती.

अशी संस्था उभी राहिली की काय होते, ते धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने दाखवले. २००९ मध्ये ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबू बाहेर नेऊन विकण्यासाठी लागणाऱ्या वाहतूक परवान्याचे पुस्तक तिच्या हाती आले. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने बांबूवर गावातच रोजगार उभा केला, आणि हाती पैसा येत असताना तेंदूपाने न तोडण्याचे ठरवले. कारण पानांसाठी झाडे छाटली जातात, जंगलाला आग लावली जाते. आजची मजुरी आणि उद्याचे जंगल यांचा असा तोल एका लहानशा गावाने सांभाळला.

मात्र ग्रामसभा एकट्याने सारे पेलू शकत नाही. बांबूची प्रतवारी, मोहफुलांची साठवण, बँकेचे कर्ज, हिशेबनीस, मुलींचे वसतिगृह, चांगला दवाखाना यांसाठी जवळचे शहर हवेच. म्हणून एका महानगरात सारे ओतण्यापेक्षा देसाईगंज, ब्रह्मपुरी, मूल, चामोर्शी, अहेरी ही गावे सक्षम करा. माल तिथेच पक्का व्हावा. आणि खाणींसाठी जसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, तसा दूर जाणाऱ्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे राख सोसणाऱ्या गावांचा हिस्सा ठरवा. ती मेहेरबानी नाही; तो मालाच्या खऱ्या किमतीचाच भाग आहे.

महाविद्यालयांतल्या मित्रांकडे एक मागणे आहे. प्रत्येक अर्थशास्त्र विभागाने एक तालुका वाटून घ्यावा. तिथून कोळसा, धान, बांबू, पाने आणि माणसे किती बाहेर जातात, कोणत्या भावाने जातात आणि बदल्यात काय परत येते, याची नोंद वर्षभर ठेवावी. पुढच्या अधिवेशनात आपण ठरावांआधी त्या वह्या उघडू.