शाळेची पहिली हजेरी

जून महिन्याचा मध्य आला कीं महाराष्ट्रांतील शाळांचीं कुलुपें निघतात. विदर्भांत उन्हाचा ताप लवकर ओसरत नाहीं, म्हणून तेथील घंटा कांहीं दिवस उशिरां वाजते, एवढाच काय तो फरक. कोंदटलेल्या वर्गांना वारा लागतो, फळ्यांवर नवा काळा रंग चढलेला असतो, छत्र्यांच्या पाण्यानें व्हरांडे ओले होतात आणि दीड महिना मुक्या राहिलेल्या इमारतींत शेंकडों मुलगे एकदम बोलूं लागतात. मुलांच्या शाळेंतील हा गलबला ज्यानें ऐकला आहे, त्याला तो वर्णन करून सांगावयास नको.

प्रार्थना आटोपते आणि मुख्याध्यापक स्वागताचें भाषण करतात. हें भाषण बहुधा ठरलेलें असतें. दहावीचा निकाल किती लागला, कोणत्या मुलांनीं शाळेचें नांव काढलें, क्रीडांगणावर कोणती ढाल मिळाली, हें सांगून झालें म्हणजे शिस्तीचे चार शब्द येतात आणि टाळ्यांच्या गजरांत मुलें वर्गाकडे वळतात. यांत वावगें कांहीं नाहीं. यशाचा उच्चार व्हावा हें योग्यच होय. परंतु मैदानांतील त्या रांगांकडे जरा बारकाईनें पाहिलें तर असें दिसून येईल कीं, ज्यांच्यासाठीं भाषण झालें त्यांना स्वागताची फारशी गरज नव्हती, आणि ज्यांना गरज होती त्यांच्या वांट्याला त्यांतलें एकहि वाक्य आलें नाहीं.

असे मुलगे कोण? एक, पांचवींत नव्यानें आलेला. चौथीपर्यंतच्या लहानशा शाळेंत तो सर्वांत मोठा होता. बाई त्याला घरच्या नांवानें हांक मारीत. येथें तो सर्वांत लहान, आणि त्याचें नांव जाऊन अनुक्रमांक झालेला. तास संपला कीं मास्तर बदलतात, हेंच त्याला प्रथम उमगत नाहीं. लघुशंकेची जागा कोठें आहे हें विचारण्याचें धैर्य त्याला तिसऱ्या दिवशीं होतें. मोठ्यांना ही गोष्ट हंसण्यासारखी वाटेल. त्या मुलाला ती तशी वाटत नाहीं.

दुसरा, वडिलांच्या बदलीमुळें किंवा पोटामागें घर हलल्यामुळें परगांवाहून आलेला. जुन्या शाळेचा दाखला पोंचलेला नसतो, म्हणून तो कचेरीच्या दारांत उभा. वस्तुतः २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें हें स्पष्ट केलें आहे कीं, सहा ते चौदा वर्षांच्या मुलानें सरकारी वा अनुदानित शाळेंत बदलून येऊं म्हटलें, तर दाखल्याला उशीर झाला या सबबीवर त्याचा प्रवेश नाकारतां अथवा लांबवितां येत नाहीं. हा नियम ठाऊक असलेला कारकून भेटणें हा मात्र नशिबाचा भाग.

आणि तिसरा, ज्याचा उल्लेख स्वागताच्या भाषणांत कधींच व्हावयाचा नाहीं असा, त्याच इयत्तेंत पुन्हां बसलेला मुलगा. आठवीपर्यंत कोणास मागें ठेवूं नये असा दंडक त्याच कायद्यानें घातला होता. २०१९ सालच्या दुरुस्तीनें पांचवी व आठवी या दोन इयत्तांपुरता तो सैल झाला. हें छत्र आठवीपाशीं संपतें, आणि दहावीचा निकाल उजळ दिसावा म्हणून नववींतच चाळणी लावण्याची रीत कांहीं शाळांत पडलेली आहे. गेल्या वर्षींचे सोबती शेजारच्या वर्गांत गेले. त्यांचें हंसणें भिंतीपलीकडून ऐकूं येतें. याला तोच बाक, तेंच पुस्तक, तोच पहिला धडा. आवाज फुटलेला, मिसरूड दिसूं लागलेलें, आणि भोंवतीं सगळीं त्याच्याहून लहान मुलें. सकाळीं निघतांना आई कांहीं बोलली नाहीं, वडिलांनीं वर्तमानपत्रांतून मान वर केली नाहीं. फाटकापाशीं कोणी भेटूं नये म्हणून तो घंटा झाल्यावरच आंत शिरतो.

मास्तर पट उघडतात, त्याच्या नांवापाशीं थांबतात आणि म्हणतात, "काय महाराज, पुन्हां आपणच?" वर्ग हंसतो. मास्तर दुष्ट नसतात. पहिल्या दिवशीं वर्ग खेळीमेळीचा व्हावा एवढ्याच हेतूनें त्यांनीं तें म्हटलेलें असतें, आणि तासानंतर तें त्यांच्या स्मरणांतहि राहत नाहीं. परंतु श्रावण लागेपर्यंत त्या मुलाची गैरहजेरी वाढत जाते, दिवाळीनंतर तो कोठल्यातरी गॅरेजांत हात काळे करतांना दिसतो, आणि शाळेच्या दप्तरीं नोंद राहते ती "अभ्यासांत लक्ष नाहीं" एवढीच.

दुसरा एखादा मास्तर सगळीं नांवें एकाच सुरांत वाचतो. तिसऱ्या दिवशीं तो त्या मुलाला म्हणतो, "प्रयोगशाळेची किल्ली कोठें असते तें तुला ठाऊक आहे, घेऊन ये बरें." वर्गांत इतर कोणाला जें ठाऊक नाहीं तें त्याला ठाऊक आहे, ही गोष्ट अशी सहज सर्वांसमोर येते. मग तो मास्तर त्याची जुनी उत्तरपत्रिका काढून पाहतो. बीजगणितांत अडलेला नववीचा मुलगा पुष्कळदां पांचवीच्या अपूर्णांकांतच अडून राहिलेला असतो. छेद समान कसा करावा हें त्याला चार वर्षांपूर्वीं समजलें नाहीं, आणि पुढें तें विचारण्याची त्याला लाज वाटत गेली. एवढी गांठ सोडविण्यास आठ-पंधरा दिवस पुरतात.

महाराष्ट्रांतील मुलांच्या शाळांच्या गोष्टी निघाल्या कीं पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचें नांव यावयाचेंच. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेंतील नोकरी सोडून आले, टिळक अवघे तेवीस वर्षांचे होते, आणि १८८० च्या जानेवारींत ती शाळा उघडली, एम. ए. झाल्यावर आगरकरहि तेथें शिकवूं लागले. हा इतिहास सर्वांना पाठ असतो. परंतु हे आगरकर स्वतः किती शाळांच्या दारांत परके म्हणून उभे राहिले होते, याची आठवण क्वचितच होते. १८५६ सालीं टेंभू या खेड्यांत जन्म. कऱ्हाडास शिक्षण पुढें चालेना म्हणून रत्नागिरीस गेले, तेथेंहि निभाव लागेना म्हणून परत फिरले, आणि शेवटीं वऱ्हाडांत अकोल्यास नातलगांच्या आधारानें राहून १८७५ सालीं मॅट्रिक झाले. अकोल्याच्या शाळेंत ज्या कोणीं त्यांचें नांव पटावर चढविलें, त्यांना पुढच्या गोष्टींची कल्पना असणें शक्यच नव्हतें. प्रत्येक मागें राहिलेला मुलगा आगरकर होतो असें नव्हे. तो नववी पास झाला तरी पुष्कळ.

घरच्या मंडळींचें काम याहून अवघड नाहीं. पहिल्या दिवशीं मुलगा घरीं आला कीं शेजारचा अमुक कोणत्या तुकडींत गेला, हा प्रश्न पहिल्यानें येतो. त्याऐवजीं, शेजारीं कोण बसला, डबा कोणाबरोबर खाल्ला, एवढें विचारलें तर पुष्कळ कांहीं कळतें. नापास झालेला मुलगा डबा एकटाच खात असेल तर तो तें आपण होऊन सांगत नाहीं. पण डबा भरलेला परत येतो.

पहिल्या शनिवारीं शाळा लवकर सुटते. पावसाची सर थांबेपर्यंत एखादा मास्तर रिकाम्या वर्गांत पट मिटून बसतो आणि साठहि नांवें चेहऱ्यांसकट आठवून पाहतो. छप्पन्न आठवतात. उरलेल्या चौघांना तो सोमवारीं पुढच्या बाकावर बसवितो.